सणाचे पदार्थ विकणाऱ्यांसाठी: ग्राहकाच्या मनातले न बोललेले संकेत कसे ओळखावेत

दिवाळीच्या तोंडावर भरणाऱ्या प्रदर्शनांत एक गोष्ट वर्षानुवर्षे दिसते. चकलीचा तुकडा तोंडात टाकून "अगदी घरच्यासारखी झाली आहे" असे मनापासून सांगणारी बाई ते पाकीट खाली ठेवते आणि शेजारच्या टेबलावरून किलोभर भाजणी घेऊन जाते. कारण विचारले तर ती म्हणते की चकली जरा महाग वाटते, किंवा तळायला कोणते तेल वापरले असेल ते कळत नाही. ही कारणे खोटी नसतात, पण ती पुरेशीही नसतात. भाजणीवर तेल, गॅस आणि अख्खी दुपार खर्च केल्यानंतर घरची चकली फारशी स्वस्त पडत नाही, हे तिलाही ठाऊक असते. हिशेब सुरू होण्याआधीच तिच्या मनाने एक निर्णय घेतलेला असतो आणि त्या निर्णयामागे दिवाळी, आई, सासर, शेजारी आणि 'आपले घर' यांच्याशी चकलीचे जे नाते लहानपणापासून जुळलेले आहे, ते असते.

अशा नात्यांना या लेखात सांस्कृतिक संकेत म्हटले आहे. ते कोणी शिकवत नाही आणि कुठे लिहिलेले नसतात, परंतु वस्तू हातात घेताना ते आपले काम करतात. घरगुती उद्योग चालवणाऱ्या महिला, बचत गट आणि छोटे दुकानदार यांनी हे संकेत कसे शोधावेत आणि त्यांचा प्रामाणिकपणे उपयोग कसा करावा, हे येथे क्रमाने सांगायचे आहे. उदाहरणे मुख्यतः सणाच्या पदार्थांची घेतली आहेत, कारण हे संकेत तिथे सर्वांत दाट असतात. साड्या, भांडी किंवा भेटवस्तू विकणाऱ्यांनाही हीच पद्धत वापरता येईल.

विचारून उत्तर का मिळत नाही

बहुतेक विक्रेते ग्राहकाला थेट विचारतात: आवडले का, किंमत बरोबर वाटते का, पुन्हा घ्याल का? या प्रश्नांची उत्तरे सौजन्याने दिली जातात, पण त्यांवर विसंबून माल करून ठेवला तर बहुधा तो उरतो. माणसाला स्वतःच्या निवडीमागचे कारण किती थोडे ठाऊक असते, याचे एक फार बोलके उदाहरण १९९७ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाले. नॉर्थ, हरग्रीव्ह्ज आणि मॅकेंड्रिक या संशोधकांनी ब्रिटनमधील एका सुपरमार्केटात वाइनच्या मांडणीजवळ एक दिवस फ्रेंच आणि दुसऱ्या दिवशी जर्मन संगीत, असे आलटून पालटून लावले. मांडणीवर दोन्ही देशांच्या वाइन ठेवल्या होत्या. फ्रेंच संगीताच्या दिवसांत फ्रेंच वाइनच्या ४० आणि जर्मन वाइनच्या ८ बाटल्या गेल्या, तर जर्मन संगीताच्या दिवसांत जर्मन २२ आणि फ्रेंच १२ बाटल्या गेल्या. खरेदी करणाऱ्यांपैकी ४४ जणांशी बोलल्यावर संगीताचा आपल्यावर परिणाम झाला असे फक्त सहा जणांनी मान्य केले. बाकीच्यांनी काही लपवले असे मानण्याचे कारण नाही. त्यांना ते खरोखरच जाणवले नव्हते.

आपल्या कामाला याहूनही अधिक उपयोगी पडणारा प्रयोग त्याच्या बराच आधीचा, १९५० चा आहे. अमेरिकेत झटपट कॉफी नवी होती आणि अनेक गृहिणी ती घेत नव्हत्या. का घेत नाही असे विचारले की "चव आवडत नाही" हेच उत्तर येई. मानसशास्त्रज्ञ मेसन हेअर यांना हे उत्तर पटले नाही. त्यांनी किराणा सामानाच्या दोन याद्या तयार केल्या. दोन्हींत मांस, ब्रेड, गाजरे, बेकिंग पावडर, डबाबंद पीच आणि बटाटे अगदी सारखेच होते. फरक एकाच ओळीत होता: एका यादीत नेसकॅफेची झटपट कॉफी होती आणि दुसरीत मॅक्सवेल हाउसची, गाळून करायची कॉफी होती. पन्नास स्त्रियांना एक यादी आणि दुसऱ्या पन्नास जणींना दुसरी यादी देऊन, ही यादी करणारी बाई कशी असेल ते लिहा, एवढेच सांगितले. झटपट कॉफी घेणारी बाई आळशी असावी, असे जवळजवळ निम्म्या स्त्रियांनी, नेमके सांगायचे तर ४८ टक्क्यांनी, लिहिले. दुसऱ्या यादीबद्दल असे लिहिणाऱ्या केवळ ४ टक्के होत्या. अडचण चवीची नव्हती. ती कॉफी घरात आणणाऱ्या बाईविषयी चार लोक काय म्हणतील, ही होती.

स्वतःच्या निवडीबद्दल विचारले तर माणूस सावरून उत्तर देतो, पण दुसऱ्या कोणाबद्दल बोलायला सांगितले की मनातला संकेत आपोआप कागदावर उतरतो. चार पैशांत घरच्या घरी करता येण्यासारखे याहून चांगले साधन माझ्या माहितीत नाही.

दोन याद्यांची चाचणी

आपल्याला तयार चकली विकायची आहे असे धरू. एका कागदावर अशी यादी लिहावी: तूरडाळ दोन किलो, गूळ एक किलो, चहा पावडर अर्धा किलो, साजूक तूप अर्धा किलो, चकलीची भाजणी एक किलो, उटण्याची दोन पाकिटे, पणत्या एक डझन, बटाटे दोन किलो. दुसऱ्या कागदावर हीच यादी याच क्रमाने आणि त्याच हस्ताक्षरात लिहावी, फक्त भाजणीच्या जागी 'तयार चकली एक किलो' असे लिहावे. दोन्ही याद्या हाताने लिहिलेल्या असाव्यात, कारण छापील कागद पाहिला की लोकांना परीक्षा वाटू लागते.

एका व्यक्तीला एकच यादी दाखवायची, हा यातला न मोडायचा नियम आहे. दोन्ही दिसल्या की ती फरक शोधू लागते आणि चाचणी तिथेच संपते. प्रत्येक यादीसाठी निदान वीस माणसे मिळवावीत. ती आपल्या नेहमीच्या ग्राहकांसारखी असावीत, पण आपल्या जवळच्या मैत्रिणी किंवा नातेवाईक नसावीत, कारण त्यांना आपण काय विकतो हे माहीत असते आणि त्या आपले मन राखतात. शक्य असेल तर कागद वाटण्याचे काम दुसऱ्या कोणावर सोपवावे. प्रश्न एकच ठेवावा: "ही यादी करणाऱ्या बाई कशा असतील, त्यांचे घर कसे असेल, चार-पाच वाक्यांत लिहाल का?" चकलीचा, दिवाळीचा किंवा विक्रीचा उल्लेख करू नये. लिहायला कंटाळा करणाऱ्यांना बोलू द्यावे आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे टिपून घ्यावेत.

उत्तरे वाचताना थोडी सबुरी हवी. आपल्याकडे 'आळशी' हा शब्द उघडपणे कोणी फारसे लिहिणार नाही. तो अर्थ मवाळ शब्दांतून येतो: 'नोकरी करत असतील', 'घरात मोठे माणूस कोणी नसेल', 'स्वयंपाकाची फारशी हौस दिसत नाही', 'मुलांच्या हट्टापायी आणत असतील'. यांतले 'नोकरी करत असतील' हे वाक्य बारकाईने पाहावे. ते कौतुकाने लिहिले असेल तर पुढे 'सगळे सांभाळून सण करतात' असे काही येते. कीव असेल तर 'बिचारीला वेळ नसेल' असे येते. पहिल्या प्रकारची उत्तरे अधिक असतील तर तयार चकलीचा रस्ता मोकळा आहे. दुसऱ्या प्रकारची अधिक असतील तर पाकिटावर 'वेळ वाचवा' असे छापणे म्हणजे ग्राहकाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणे होय.

उत्तरे वयाप्रमाणे वेगळी करावीत. सून, सासू आणि अविवाहित मुलगा यांच्या मनात एकाच यादीतून तीन वेगळी घरे उभी राहतात आणि पाकीट यांच्यापैकी कोण उचलणार आहे, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. पुरुषांना वगळू नये, कारण ऑर्डर देण्याचे काम आता अनेक घरांत मुलगा किंवा नवरा करतो.

संकेत कायमचे नसतात, हेही ध्यानात ठेवावे. हेअर यांची चाचणी १९७० मध्ये अमेरिकेत पुन्हा करण्यात आली, तेव्हा झटपट कॉफी घेणाऱ्या बाईवरचा तो ठपका उरलेला नव्हता. म्हणून आपली चाचणीही दर दोन-तीन वर्षांनी नव्या माणसांवर करून पाहावी.

पदार्थ कोणापुढे ठेवला जाणार आहे

तोच पदार्थ देवापुढे, पाहुण्यापुढे आणि घरच्या डब्यात ठेवताना वेगवेगळे निकष लागतात. ग्राहक ते बोलून दाखवत नाही, म्हणून विक्रेत्याने एक साधा प्रश्न विचारायची सवय लावावी: "कशासाठी हवे आहे?" उत्तराप्रमाणे माल, बांधणी आणि बोलण्याची पद्धत बदलावी लागते.

देवापुढे ठेवायच्या पदार्थाला शुचितेचा संकेत चिकटलेला असतो. नैवेद्याचे अन्न आधी कोणी चाखलेले नसावे, ही भावना इतकी खोल आहे की एरवी सोवळे-ओवळे न पाळणाऱ्या घरांतही नैवेद्य दाखवण्याआधी मोदक तोंडात टाकणाऱ्या मुलाला थांबवले जाते. गणेशचतुर्थीच्या सकाळी ज्या परातीतून आपण लोकांना चाखायला मोदक देतो, त्याच परातीतून डबा भरून देणे म्हणूनच चुकीचे ठरते. चव आधीच्या आठवड्यात दाखवून घ्यावी आणि नैवेद्याचा डबा झाकलेला, चिकटपट्टी लावलेला, वेगळा ठेवावा. डब्यावर 'नैवेद्यासाठी, स्नान करून केलेले' असे लिहायचे असेल तर ते तसेच केलेले असले पाहिजे.

उकडीच्या मोदकांबाबत आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मुंबई-पुण्यात हजारो घरांत आता मोदक बाहेरून येतात आणि त्यात कोणाला फारसा कमीपणा वाटत नाही. पण ते कुठून आणले हे सांगताना लोक बहुधा एखाद्या काकूंचे नाव घेतात. हातावर पारी करून कळ्या काढणे हे कौशल्याचे काम असल्यामुळे, ते दुसऱ्या एखाद्या हाताला देणे घराला मान्य होते. मात्र तो हात कोणाचा आहे हे माहीत असावे लागते. बचत गटाच्या डब्यावर गटाच्या मोठ्या नावाखाली 'मोदक करणाऱ्या' म्हणून त्या बाईचे नाव तिच्या संमतीने लिहिले, तर मोठ्या जाहिरातीने न होणारे काम होते.

पाहुण्यापुढच्या पदार्थाची कसोटी अब्रूची असते. फराळाचे ताट शेजारी जाते तेव्हा त्या घराची परीक्षाच त्यातून होत असते, आणि ताट परत येताना "चकली कोणी केली?" हा प्रश्न हमखास येतो. इथे तयार पदार्थाला सर्वाधिक विरोध होतो. तेच घर मुलांच्या मधल्या सुट्टीच्या डब्यासाठी तयार चिवडा बिनदिक्कत आणते, कारण त्या डब्यावर कोणी निकाल देणार नसते. एकच माल दोन्ही ठिकाणी विकायचा असेल तर पाकिटे वेगळी करावीत: घरच्या डब्यासाठी साधी पिशवी, आणि ताटात वाढण्यासाठी असा आकार, अशी तळणी की ती यंत्रातून एकसारखी निघाल्यासारखी दिसू नये.

परदेशी पाठवायच्या फराळाचे गणित अगदी उलटे आहे. पुण्यातले आई-वडील अमेरिकेतल्या मुलीला खोके पाठवतात तेव्हा फराळ बाहेरून घेतल्याबद्दल कोणी कोणाला बोल लावत नाही. तिथे ते खोके म्हणजेच माहेर असते. अशा ग्राहकाशी वेळेच्या बचतीबद्दल बोलण्याची गरज नाही. चिवड्याचा चुरा होणार नाही, लाडू फुटणार नाहीत आणि खोके दिवाळीआधी पोहोचेल, ही खात्री त्याला हवी असते. खोक्यात आजीच्या हातची चिठ्ठी ठेवायला जागा सोडली तर त्याला आपले म्हणणे समजले असे वाटते.

कोणता टप्पा घरात राहू द्यायचा

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हा आहे. सणाच्या पदार्थात घरच्या माणसाचा हात कुठे लागला पाहिजे, याचा प्रत्येक पदार्थामागे एक अलिखित नियम असतो. तो ओळखून आपण त्या जागेच्या अलीकडे थांबलो, तर माल विकला जातो.

भाजणीचे उदाहरण पाहा. तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, मूगडाळ, धणे-जिरे वेगवेगळे भाजून गिरणीवरून दळून आणण्याचे काम घरांनी सहज सोडून दिले, पण सोऱ्या फिरवून चकली तळण्याचे सोडले नाही. कारण घरभर पसरणारा तळणीचा वास आणि पहिली चकली कोणी खायची यावरून होणारी भांडणे हीच दिवाळी आली याची खूण असते, आणि भाजण्या-दळण्यात तशी खूण नसते. अनारशांचेही तसेच आहे. तांदूळ तीन दिवस भिजवणे, रोज पाणी बदलणे, वाळवून कुटणे आणि गुळात मळून ठेवणे हा व्याप आहे. वर एवढे करूनही तुपात टाकल्यावर अनारसा हसला, म्हणजे विरघळून फुटला, तर सगळी मेहनत वाया जाते. म्हणून तयार अनारशाचे पीठ आनंदाने घेतले जाते. त्या पिठाचा अनारसा हसणार नाही, एवढे वचन विक्रेत्याने दिले आणि पाळले की पुरे. पुरणाच्या बाबतीत शिजवून वाटलेले पुरण घेणारी घरे बरीच दिसतात, पण पोळी तव्यावरून पानात पडावी असा त्यांचाही आग्रह असतो.

आपल्या पदार्थासाठी हे शोधायचे असेल तर तो पदार्थ करण्याच्या सगळ्या पायऱ्या कागदावर लिहाव्यात आणि तीन-चार घरांतल्या करणाऱ्या बायकांना दोनच गोष्टी विचाराव्यात: यातले कोणते काम दुसऱ्याने केलेले चालेल, आणि कोणत्या कामाच्या वेळी घरातली सगळी माणसे स्वयंपाकघरात येतात? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या पायरीला मिळते, ती पायरी ग्राहकाकडे राहू द्यावी.

मोठ्या कंपन्यांनाही हे नियम चुकलेले नाहीत. केलॉग्ज कंपनीने १९९४ मध्ये भारतात कॉर्नफ्लेक्स आणले तेव्हा ते थंड दुधात कुरकुरीत राहावेत अशी त्यांची रचना होती. आपल्याकडे सकाळचे दूध तापवलेले असते आणि न्याहारी गरम असते. गरम दुधात ते लगेच मऊ पडले, आणि नवलाई ओसरल्यावर विक्रीला अपेक्षेइतका जोर धरता आला नाही. 'थंड दूध घ्या' असे सांगून पिढ्यान्‌पिढ्यांची सवय बदलत नाही. त्याआधी, १९८३ मध्ये, आलेल्या मॅगीने मात्र पोळी-भाजीच्या जागेवर हक्क सांगितलाच नाही. शाळेतून आलेल्या भुकेल्या मुलाची मधली वेळ तिने धरली, आणि कांदा, मटार, टोमॅटो घालून आपल्या हाताची चव द्यायला आईसाठी जागाही ठेवली.

पंचांग आणि उपवास

विक्रीच्या वहीत इंग्रजी तारखेशेजारी तिथी लिहावी. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळीचा पाडवा या साडेतीन मुहूर्तांना नवी खरेदी करावीशी वाटते, तर भाद्रपदाच्या वद्य पक्षात, म्हणजे पितृपक्षात, वाहन, घर, सोने यांची खरेदी पुढे ढकलली जाते. शुभाशुभावर आपला विश्वास नाही असे सांगणारी माणसेही त्या पंधरवड्यात 'घाई कशाला' म्हणून थांबतात. फराळाची आगाऊ नोंदणी पितृपक्षात सुरू करण्यापेक्षा घटस्थापनेला सुरू करावी. दिवाळीला तेव्हाही महिनाभर असतो आणि लोकांचे मन नव्या गोष्टीला तयार झालेले असते.

अधिक मास हा अनेकांच्या नजरेतून सुटतो. या महिन्यात लग्नकार्ये होत नाहीत, म्हणून काही जण तो मंदीचा समजतात. पण धोंड्याच्या महिन्यात जावयाला ३३ अनारशांचे किंवा बत्ताशांचे वाण देण्याची पद्धत महाराष्ट्रात जिवंत आहे. २०२६ मध्ये ज्येष्ठ महिना अधिक आहे. या महिन्यासाठी किलोवर विकण्याऐवजी मोजून ३३ अनारशांचा डबा करावा. किलोच्या पाकिटातून ३३ मोजून घेताना ग्राहकाला जी धाकधूक असते, ती आपण दूर केलेली असते.

उपवासाच्या पदार्थांत संकेत आणि इतिहास यांची फारकत स्पष्ट दिसते. ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची हे सगळे अमेरिका खंडातून युरोपीय व्यापाराबरोबर भारतात आले, आणि आज एकादशीच्या ताटात त्यांच्याइतके हक्काचे दुसरे काही नाही. हळद आणि मोहरी मात्र इथल्याच, तरी उपवासाला वर्ज्य. ग्राहकाला हा इतिहास समजावून सांगण्यात विक्रेत्याचा काही फायदा नाही. त्याच्या घरात काय चालते हे विचारणे महत्त्वाचे. जिरे आणि कोथिंबीर काही घरांत चालते, काहींत चालत नाही. म्हणून उपवासाच्या चिवड्याच्या पाकिटावर 'उपवासाला चालेल' एवढेच न लिहिता सगळे घटक ठळक छापावेत आणि निर्णय त्या घरावर सोपवावा.

रंग, संख्या आणि किंमत

रंगांचे अर्थ दिवसागणिक बदलतात. हळदी-कुंकू, ओटी आणि डोहाळजेवण या प्रसंगी हिरवा, पिवळा, लाल रंग हात आपोआप उचलतो आणि काळा टाळला जातो. तोच काळा संक्रांतीला मानाचा होतो. नव्या सुनेला काळी साडी आणि पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने घालून बसवतात, तेव्हा त्या काळ्यात अशुभ असे कोणालाही दिसत नाही. सोनेरी अक्षरांचा काळा डबा महागड्या चॉकलेटला शोभतो, म्हणून तो तिळगुळालाही शोभेल, पण डोहाळजेवणाच्या लाडवांना तो वापरू नये. डबा छापण्याआधी त्याचा नमुना एखाद्या वडीलधाऱ्या बाईंच्या हातात देऊन "हा कोणाला आणि कशाच्या निमित्ताने द्याल?" असे विचारावे. त्या कोणता प्रसंग बोलतात यापेक्षा कोणता टाळतात, हे टिपून घ्यावे.

संख्येचे पाहायचे तर गणपतीला २१ मोदक हवेत आणि आहेर ५१, १०१ किंवा ५०१ चा असतो. शेवटचा तो एक रुपया इतका रुळलेला आहे की आहेराच्या पाकिटावर नाणे चिकटवूनच ती पाकिटे विकली जातात. किराण्यासारख्या रोजच्या मालाला ९९ ची किंमत खपून जाते, कारण तिथे सवलतीचा हिशेब चाललेला असतो. पण भेट म्हणून द्यायच्या डब्यावर ४९९ लिहिले की देणाऱ्याला आपण काटकसर केल्यासारखे वाटू शकते. अशा डब्यांना ५०१ ही किंमत लावून पाहायला हरकत नाही. शक्य असेल तर दोन्ही किमती वेगवेगळ्या ठिकाणी लावून आपल्याच विक्रीतून निष्कर्ष काढावा.

स्वस्तपणाचा संकेत सर्वांत महागात पडतो. टाटा नॅनो जानेवारी २००८ मध्ये जगापुढे आली ती एक लाखाची गाडी म्हणून, आणि २००९ मध्ये बाजारात आल्यावर 'सर्वांत स्वस्त गाडी' ही ओळख तिच्या कपाळी बसली. २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. स्वस्त म्हणून तिची जी प्रतिमा झाली तिने तिचे नुकसान केले, असे खुद्द रतन टाटा यांनी पुढे बोलून दाखवले. आपल्याकडे गाडी दारात आली की तिला हार घालतात, ओवाळतात, पेढे वाटतात. ज्या वस्तूचे पेढे वाटायचे ती सर्वांत स्वस्त आहे, हे गावाला कळावे असे कोणाला वाटेल? नैवेद्याच्या आणि आहेराच्या वस्तूंवर 'महासेल' किंवा 'एकावर एक मोफत' लिहिण्याआधी याचा विचार करावा. सवलत द्यायचीच असेल तर ती नेहमीच्या ग्राहकाला बिलात द्यावी, डब्यावर छापू नये.

कुठे थांबायचे

हे संकेत ओळखता येतात, तसे ते घडवताही येतात. हिऱ्याची अंगठी आणि लग्न यांची आज जगभर दिसणारी सांगड डी बीअर्स कंपनीच्या जाहिरातींनी विसाव्या शतकात रुजवली, आणि हिरा कायमचा असतो हे तिचे घोषवाक्य १९४७ चे आहे. आपल्याकडे नवरात्राचे नऊ रंग वर्तमानपत्रांनी गेल्या वीसेक वर्षांत घरोघरी पोहोचवले, आणि आज त्या रंगाची साडी नेसून लोकलमध्ये भेटणाऱ्या मैत्रिणींचा आनंद खरा आहे. त्यात मला काही गैर वाटत नाही. पण ज्या नव्या रीतीमुळे न घेणाऱ्याला अपराधी किंवा कमी वाटू लागते, ती रुजवण्यात विक्रेत्याने हातभार लावू नये. 'हे वाण दिले नाही तर दोष लागतो' असे वाक्य भीतीवर माल विकते, आणि ज्यांना ते परवडत नाही त्यांच्या घरात त्या भीतीने खरे दुःख निर्माण होते.

प्रामाणिकपणाची दुसरी बाजू शब्दांची आहे. 'घरगुती', 'साजूक', 'हातवळणीचे', 'सोवळ्यातले' या प्रत्येक शब्दात ग्राहकाचा विश्वास भरलेला आहे. यंत्रावर केलेल्या शेवयांना 'हातवळणीच्या' म्हणणे किंवा वनस्पती तुपातल्या लाडवावर 'साजूक' लिहिणे ही सरळ फसवणूक आहे. तो माल पहिल्या वर्षी खपला तरी त्या शब्दावरचा लोकांचा भरवसा उडतो आणि त्याची किंमत शेजारच्या प्रामाणिक बाईला मोजावी लागते.

या दिवाळीसाठी हे करून पाहायचे असेल तर श्रावणातच सुरुवात करावी. दोन याद्यांची चाचणी श्रावणात उरकली की पदार्थाच्या पायऱ्यांबद्दल घरोघरी विचारायला भाद्रपदातले गणपती ही उत्तम संधी असते, कारण तेव्हा सगळ्यांची स्वयंपाकघरे उघडी असतात आणि बायका या विषयावर मोकळेपणाने बोलतात. पितृपक्षात डबे आणि लेबले छापून घ्यावीत. घटस्थापनेला नोंदणी उघडावी, आणि प्रत्येक ऑर्डरपुढे नाव आणि वजन यांच्याबरोबर 'कशासाठी' हा तिसरा रकाना पहिल्या दिवसापासून भरत जावा.